वातीचं माप

घरातल्या शेतीच्या वहीला उलट्या बाजूनं सुरुवात केली ती २०२० च्या पावसाळ्यात. सुलट्या बाजूनं बियाणं, खत, निंदण, डवरणी; उलट्या बाजूनं मेण, वात, सुगंध. पाच वर्षांत दोन्ही हिशेब मधल्या पानावर येऊन भिडले आणि वही संपली. नवी आणण्याआधी माझी बाजू पहिल्यापासून वाचून काढली. निम्म्याहून जास्त पानं चुकांची निघाली. त्यातही बहुतेक चुका एकाच गोष्टीच्या होत्या: वातीच्या.

आमच्या धनज गावच्या शिवारात खरिपाला सोयाबीन आणि कपाशी, मधे तुरीच्या ओळी. मेणबत्त्यांचा नाद लागला तेव्हा वाटलं होतं, हे तर घरचंच काम. सोयामेण म्हणजे सोयाबीनचं तेल हायड्रोजन देऊन घट्ट केलेलं. बत्तीसाठी ते वापरायची वाट अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मायकेल रिचर्ड्स यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पाडली. वात तर कापसाची. प्रत्यक्षात आमचं सोयाबीन पोत्यात भरून कारंजाच्या बाजारात जातं आणि मेणाचे पांढरे पापुद्रे कुठून तरी लांबून पार्सलनं येतात. मेण विकत घ्यावंच लागलं. वात तरी घरची वापरू म्हणून सासूबाईंच्या डब्यातली समईची वात काचेच्या पेल्यात उभी केली.

पहिल्या पानावर नोंद आहे: ‘पाच मिनिटांत बुडाली.’ दुसऱ्या पेल्यापुढे: ‘धूर.’ तिसऱ्यापुढे काहीच नाही, नुसती काट.

वात स्वतः फार थोडी जळते. ती वितळलेलं मेण वर ओढते, त्याची वाफ होते आणि जळते ती वाफ. समईतलं तेल पातळ असतं, सैल वळलेल्या कापसातूनही सरसर चढतं. सोयामेण वितळल्यावरही जडच. सैल वात त्यात भिजून लोळते; जाड वळली तर मेण चढतं, पण टोकाला काजळीची बोंडं धरतात. समईपाशी बसलेलं माणूस वात सारतं, काजळी झाडतं. मेणबत्तीपाशी कोण बसणार? युरोपातही पूर्वी मेणबत्तीचं टोक सारखं कात्रीनं छाटत बसावं लागे. १८२५ मध्ये फ्रान्समध्ये कांबासेरेस यानं वात पिळण्याऐवजी वेणीसारखी विणली आणि ती कटकट सुटली. विणलेली वात जळताना एका बाजूला वाकते, टोक ज्योतीच्या कडेला हवेत येतं आणि तिथेच जळून जातं. एवढ्या साध्या वेणीची किंमत मला तीन पेले वाया गेल्यावर कळली.

२०२१ सालची पानं विकतच्या वातींची. सुती वेणीत कागदाचे बारीक तंतू विणलेल्या, मेणात बुडवून ताठ केलेल्या, खाली पत्र्याची चकती लावलेल्या. पाकिटावरच्या नंबरांनी मात्र घोळ घातला. एका जातीचा आठ आणि दुसऱ्या जातीचा आठ यांचा एकमेकांशी संबंध नसतो, हे मला सहा महिने ठाऊक नव्हतं. मग एक रीत बसवली. सारखे तीन पेले, सात सेंटिमीटर तोंडाचे. मेण तेच, वजन तेच, सुगंध तोच. फरक फक्त वातीचा. वात सहा मिलिमीटर ठेवून छाटायची, तीन तास जाळायचं आणि पट्टीनं दोन गोष्टी मोजायच्या: वितळलेल्या मेणाचं तळं किती रुंद आणि किती खोल.

बारीक वातीनं मध्यभागी विहीर खणली, कडेचं मेण तसंच राहिलं. जाड वातीनं तासाभरात काठ गाठला आणि पेला हात लावू देईना. मधली वात तीन तासांनी काठापासून थोडी अलीकडे थांबली. मी तिला नापास केलं आणि जाड वातीच्या मेणबत्त्या दिवाळीला दिल्या. वर्षातली सगळ्यात मोठी चूक तीच. मेणबत्ती अर्धी उतरली की ज्योत पेल्याच्या आत जाते, काच उष्णता कोंडून धरते आणि कडेला राहिलेलं मेणही वितळतं. पहिल्याच दिवशी काठ गाठणारी वात शेवटच्या दिवशी काच तडकवू शकते. तेव्हापासून वातीचा निकाल शेवटचा थर जळेपर्यंत लावत नाही.

२०२२ मध्ये वासाचं वेड शिरलं. मोगरा, खस, केवडा, चंदन. मेणबत्ती नुसती ठेवली असता येणारा वास वेगळा आणि पेटल्यावर खोलीत पसरणारा वेगळा, हे याच वर्षी कळलं. कारंजाच्या कस्तुरीच्या हवेलीची गोष्ट आमच्याकडे लहानपणापासून कानावर असते. लेकुर संघई नावाच्या धनाढ्यानं उंटांवरून आलेली कस्तुरी विकत घेतली आणि ती हवेलीच्या बांधकामात घालून टाकली, असं सांगतात. खरंखोटं बाजूला ठेवू, पण माझी पहिली समजूत तीच होती: जितकं जास्त ओताल तितकं घर दरवळेल. शंभर ग्रॅम मेणात बारा ग्रॅम सुगंध घातला. मेणाला वरून तेलाचा घाम सुटला, वातीचे तंतू तुंबले, ज्योत मान टाकून बसली आणि वास होता त्याहून कमी झाला.

आता शंभराला आठ. चमच्यानं नाही, तराजूवर. मेण ८० ते ८५ अंशांवर असताना घालायचं, दोन मिनिटं सावकाश ढवळायचं, थोडं निवल्यावर ओतायचं. आणि मग जे मला सगळ्यात जड गेलं ते: दोन आठवडे हात लावायचा नाही. सोयामेण ओतल्यावर कित्येक दिवस आतून घट्ट होत राहतं. ओतलेल्या दुसऱ्या दिवशी पेटवून ‘वास नाही’ असं लिहिलेल्या माझ्या कितीतरी नोंदी त्यामुळे खोट्या ठरल्या.

वास कमी म्हणजे वात वाढवा, हाही माझाच शोध होता. वास ज्योतीतून येत नाही, खालच्या तळ्यातून येतो. तळं कोमट, रुंद, साधारण सेंटिमीटरभर खोल असलं की वास उठत राहतो. वात जाड झाली की तळं भलतंच तापतं, सुगंध भराभर उडतो, काही ज्योतीत जळून जातो आणि उरते काजळी. सासूबाईंनी हे पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, मीच लिहून घेतलं नव्हतं: “मोठी वात केली तं उजेड नाही वाढत माय, धुपट वाढते.”

एका सुगंधाला बसलेली वात दुसऱ्याला बसेलच असं नाही. व्हॅनिलासारखा जड वास वातीला चिकटतो, त्याला एक नंबर वरची लागते. म्हणून वहीत आता पेल्याच्या नावानं वात लिहीत नाही. पेला आणि वास अशी जोडी लिहिते.

२०२३ च्या मे महिन्याच्या पानावर एकच ओळ आहे: ‘खोका परत.’ पेल्यात ओतायचं सोयामेण पन्नास अंशांच्या आसपास वितळतं. आमच्याकडे उन्हाळ्यात सावलीतच पारा ४४–४५ वर जातो, बंद गाडीच्या पत्र्याखाली काय होत असेल ते सांगायला नको. बाहेरगावी पाठवलेल्या मेणबत्त्यांचं मेण मऊ पडून एका बाजूला कललं होतं, वाती पिसाच्या मनोऱ्यासारख्या तिरक्या. तेव्हापासून एप्रिल ते जून बाहेरगावी काही पाठवत नाही. हे महिने तसेही वहीच्या सुलट्या बाजूचे, बियाणं आणि खतं गोळा करायचे.

घरात वास येत नाही अशी तक्रार मी स्वतःच कित्येक महिने करत होते. ओसरी उघडी, वर पंखा गरगर; ज्योत थरथरते, काजळी धरते, वास अंगणात निघून जातो. शिवाय दिवसभर सुगंध हाताळणाऱ्याचं नाक मरतं. मी आता स्वतः वास घेऊन काही ठरवत नाही. आतल्या खोलीत मेणबत्ती लावते आणि बाहेरून आलेलं माणूस आपणहून काही बोलतं का, याची वाट पाहते. बोललं तर कोणत्या दारापाशी उभं राहून बोललं, तेही लिहिते.

वहीच्या शेवटच्या पानावर घरच्या वातीचा पुन्हा एक प्रयत्न आहे. आमच्याच कपाशीचं सूत, सासूबाईंनी टकळीवर काढलेलं. त्याची तीनपदरी वेणी घातली, टाकणखार आणि मीठ घातलेल्या कोमट पाण्यात रात्रभर भिजवली, दोन दिवस वाळवली, मेणात बुडवली. मोठ्या पेल्याला ती पुरणार नव्हती, म्हणून चार सेंटिमीटरच्या वाटीत लावली आणि मेणात वास घातला नाही. तीन तास नीट जळली. टोक आपसूक वाकलं, पण दर वेळी एकाच बाजूला.

सासूबाईंनी विझलेली वाटी हातात घेतली, उजेडाकडे धरून पाहिली.

“डावा पदर सैल राहिला,” त्या म्हणाल्या.

नव्या वहीचं पहिलं पान तिथून सुरू होतं.