मंद आचेचा हिशेब

घरात प्रेशर कुकर असताना सहा तास डाळ शिजवत कोण बसणार? स्लो कुकरचा विषय निघाला की पुण्यातल्या बहुतेक स्वयंपाकघरांतून हाच प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. १९५९पासून आपल्याकडे प्रेशर कुकर तयार होऊ लागले आणि पुढच्या दोन पिढ्यांचा रोजचा वरणभात त्यांनी सोपा केला. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर आहे. इथे उघड्या पातेल्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं आणि त्यापुढे कितीही गॅस जाळला तरी तापत नाही. कुकरच्या बंद झाकणाखाली तेच पाणी १२० अंशांपर्यंत जातं आणि तूरडाळ पंधरा मिनिटांत मेण होते. घड्याळाच्या शर्यतीत स्लो कुकरला इथे जागाच नाही. पण घड्याळात गेलेला वेळ आणि माणसाचा गेलेला वेळ वेगळा मोजावा लागतो. कुकर लावल्यावर पहिल्या शिट्टीची वाट पाहायची, गॅस बारीक करायचा, शिट्ट्या मोजायच्या, कुकर पडेपर्यंत थांबायचं. या सगळ्या वेळात एक कान ओट्याकडेच लागलेला असतो. प्रेशर कुकरने इंधन वाचवलं, वेळ वाचवला, लक्ष मात्र वाचवलं नाही. मंद आचेच्या भांड्याची खरी किंमत त्या वाचलेल्या लक्षात आहे, आणि एवढी एक गोष्ट मान्य केली की ते भांडं कशासाठी घ्यावं आणि कशासाठी घेऊ नये याचा उलगडा होतो.

यंत्र म्हणून त्यात फारसं काही नाही. चिनी मातीचं जाड भांडं, त्याभोवती विजेची तार गुंडाळलेलं कवच, वर घट्ट बसणारं झाकण. आतला पदार्थ तासा-दोन तासांनी ८० अंशांच्या वर जातो आणि उकळीच्या जरा खाली किंवा जेमतेम उकळीला रेंगाळतो. अमेरिकेत अर्व्हिंग नॅक्सन यांनी याचं पेटंट १९४० साली मिळवलं. त्यांच्या डोळ्यांपुढे होता तो लिथुआनियातल्या ज्यू घरांमधला चोलंट. शब्बाथच्या दिवशी विस्तव पेटवायचा नाही, म्हणून शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी मांस, घेवडा आणि बार्ली यांचं भांडं गावच्या बेकरीच्या निवत्या भट्टीत ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी गरम जेवायचं. रायव्हल कंपनीने १९७१ साली तेच यंत्र क्रॉकपॉट या नावाने बाजारात आणलं आणि नोकरी करणाऱ्या अमेरिकन बायकांनी ते उचलून धरलं. आधी नेम होता, यंत्र मागाहून आलं.

आपल्याकडेही तो नेम होताच. चुलीला जोडून वैल असायचा. मुख्य आचेवर भाकरी होत असताना तिच्या वाया जाणाऱ्या धगीवर वैलावरची आमटी गरम राहायची, दूध आटायचं, डाळ निवांत शिजायची. रात्री गोवऱ्यांच्या राखेत ठेवलेल्या दुधाच्या गाडग्यावर सकाळी जाड पिवळसर साय धरायची. गॅस आला तसा वैल गेला, आणि उरलेल्या धगीवर शिजवण्याची सवयही गेली. मधल्या काळात बंगालमध्ये डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० साली इकमिक कुकर तयार केला. उंच डबा, तळाशी कोळशाची छोटी शेगडी, वर एकावर एक बसणारे भात-डाळ-भाजीचे डबे. निखारे टाकून कामाला जायचं, परत आल्यावर जेवण तयार. एकट्या राहणाऱ्या नोकरदारांना आणि प्रवाशांना त्याने मोठा आधार दिला.

त्याच वळणावरचं सर्वांत विचारपूर्वक केलेलं काम पुण्यात झालं, आणि पुणेकरांनाच ते पुरेसं ठाऊक नाही याची खंत वाटते. वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने १९९६ साली इथे अ‍ॅप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट, म्हणजे आरती ही संस्था उभी राहिली. ऊस तोडल्यावर शेतात उरणारं पाचट आपल्याकडे सर्रास पेटवून देतात. या संस्थेने बंद भट्टीत त्याचा कोळसा करून कांड्या पाडण्याची पद्धत बसवली आणि त्यासाठी २००२ साली तिला लंडनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. पण कांड्या तयार झाल्या तरी त्यांवर शिजवायचं कसं, हा प्रश्न होताच. त्याचं उत्तर म्हणजे सराई कुकर. स्टीलचं उंच भांडं, त्यात थोडं पाणी, पाण्याच्या वर रचलेले डबे, खाली कांड्यांची छोटी शेगडी आणि धग इकडेतिकडे पांगू नये म्हणून बाहेरून कवच. साधारण १०० ग्रॅम कांड्यांत चार-पाच माणसांचा भात, वरण आणि भाजी वाफेवर होते. यातली खरी हुशारी त्या १०० ग्रॅमच्या मापात आहे. इंधन आधीच मोजून घातलेलं असतं. ते संपलं की आच विझते, तोवर अन्न शिजलेलं असतं. करपायला आच शिल्लक नसते, बंद करायला बटण नसतं, मोजायला शिट्टी नसते. स्वयंपाक मिनिटांनी मोजायची सवय असलेल्या आपल्याला हा कुकर उष्णता मोजायला शिकवतो. अन्नाला हवी तेवढीच द्यायची आणि दिलेली बाहेर जाऊ द्यायची नाही.

ही उष्णता किती लागते याचा हिशेब शाळेतल्या पदार्थविज्ञानाचा आहे. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला सुमारे ३०५ किलोज्यूल लागतात. तेच पाणी उकळून वाफ करून उडवायचं तर आणखी २,२५० किलोज्यूलच्या वर, म्हणजे सातपटीहून जास्त. उघड्या पातेल्यात डाळ खळाखळा उकळत ठेवणारा गॅस बराचसा डाळीसाठी जळतच नाही. तो वाफ करण्यात आणि ओट्याभोवतीची हवा तापवण्यात जातो. डाळीच्या दाण्याला खळाळीची गरज नसते. पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन सैल व्हायला आणि स्टार्चला पाणी पिऊन फुगायला ८५-९० अंश पुरतात, फक्त ते टिकले पाहिजेत. म्हणून आधी भिजवलेली तूरडाळ दहा-पंधरा मिनिटं चांगली उकळली, झाकण न काढता पातेलं जाड गोधडीत गुंडाळून दोन तास ठेवलं, तर ती विझल्या गॅसवर शिजते. महायुद्धांच्या काळात इंधन मोजून मिळत होतं तेव्हा युरोपातल्या घरांनी गवत भरलेल्या पेट्यांत हेच केलं.

मग विजेच्या स्लो कुकरने वीज वाचते का? प्रामाणिक उत्तर: प्रेशर कुकरशी तुलना केली तर नाही. २०० वॅटचं भांडं आठ तास चाललं तर १.६ युनिट जातात. गॅसची मध्यम शेगडी वीस मिनिटं चालली तर जळणारी उष्णता त्याच्या निम्म्याहूनही कमी भरते. स्लो कुकर पर्यावरणाच्या नावाने विकला जातो तेव्हा हा आकडा विचारावा. उघड्या भांड्यात तीन-चार तास चालणाऱ्या पायाच्या रश्श्याशी तुलना केली तर पारडं फिरतं, पण रोजच्या वरणासाठी फिरत नाही. सराईचा कोळसा शेतातल्या कचऱ्याचा असल्याने तो हिशेब वेगळा आहे, पण तिथेही एक इशारा द्यायलाच हवा: जळता कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतो, त्याला ना रंग ना वास. खिडक्या लावलेल्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात कोणतीही कोळशाची शेगडी ठेवू नये. अंगण किंवा हवेशीर गच्ची असेल तिथेच ती चालावी.

सर्वांत जोरकस आक्षेप चवीचा. मराठी स्वयंपाकाचा जीव फोडणीत आहे, खमंगपणात आहे, आणि खमंगपणा उकळीच्या खाली कधीच येत नाही. मोहरी तडतडायला, खोबरं तांबूस व्हायला, कांद्याला रंग यायला तेल दीडशे अंशांच्या पुढे जावं लागतं. हा आक्षेप पूर्ण खरा आहे, आणि म्हणूनच स्लो कुकरने संपूर्ण मराठी स्वयंपाक करू पाहणं चूक आहे. बटाट्याच्या काचऱ्या, भेंडी, पिठलं, तळलेली सुरमई यांच्यासाठी ते भांडं नाही. पालेभाजीचा हिरवा रंग त्यात मरतो, मोड आलेल्या मटकीचा लगदा होतो. पण चुलीवरच्या स्वयंपाकातही भाकरीची आच वेगळी आणि वैलाची वेगळी होती. एकीकडून दुसरीची अपेक्षा कुणी केली नाही. भिजवलेल्या काळ्या वाटाण्याची आमटी घ्या. कांदा-खोबरं तव्यावर रंग येईपर्यंत भाजून वाटायचं, वाटाणे दहा मिनिटं उकळून वाटणाबरोबर भांड्यात घालायचे, पाणी नेहमीपेक्षा कमी कारण उडून जाणारं काही नाही, आणि झाकण लावून विसरायचं. दर वेळी झाकण उघडून पाहिलं तर वीस-तीस मिनिटांची धग जाते, तेव्हा तो मोह टाळलेला बरा. मीठ चालतं, आमसूल किंवा चिंच मात्र वाटाणा बोटाने दाबून फुटल्यावरच, कारण आंबट पाण्यात पेक्टिन सुटत नाही आणि दाणा दडस राहतो. गोडा मसाला शेवटच्या अर्ध्या तासात, नाहीतर त्याचा दरवळ उडून जातो. जेवायला बसताना हिंग-मोहरी-लसणाची फोडणी वरून. खमंगपणा दोन्ही टोकांना ठेवला आणि मधला लांबलचक पट्टा मंद आचेला दिला, तर आमटीचं काहीही कमी होत नाही.

यात पुण्याच्या पाण्याचाही भाग आहे. वाघोली, उंड्रीसारख्या भागांत बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावर राहणाऱ्यांची नेहमीची तक्रार असते की डाळ शिजत नाही. त्या जड पाण्यातलं कॅल्शियम पेक्टिनला घट्ट बांधून ठेवतं. प्रेशर कुकर जास्तीच्या तापमानाने त्यावर मात करतो, मंद आच करू शकत नाही. अशा घरी शिजवायला पिण्याचं शुद्ध केलेलं पाणी घ्यावं, नाहीतर चिमूटभर खायचा सोडा टाकावा. नुसते तास वाढवून उपयोग होत नाही.

आणि मऊ, पोटाला शांत करणारं अन्न हे तर या भांड्याचं राखीव कुरण. गुरगुट्या भात प्रेशर कुकरमध्ये होतो, पण बरेचदा एकीकडे पाणी आणि एकीकडे गोळा असा. आंबेमोहोर किंवा वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झालेला इंद्रायणी, सहा-सातपट पाणी, मीठ. अडीच-तीन तासांत शित मोडून दाट आटवल होते, वर तूप आणि मेतकूट. खपली गव्हाची खीर याच आचेची आहे: रात्रभर भिजवून सडलेले गहू सहा-सात तासांत फुलतात, मग गूळ, आणि नारळाचं दूध अगदी शेवटी, कारण जास्त वेळ तापलं तर ते फुटतं. कुळथाचं कढण, मटणाचा हाडांचा रस्सा, पाया हे त्याच पंक्तीतले. हाडांभोवतीच्या कोलॅजनचं जिलेटिन होणं ही मुळातच तासांची प्रक्रिया आहे, आणि ओठाला चिकटणारा रस्सा त्याशिवाय होत नाही.

सुरक्षिततेचा आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. राजम्यात फायटोहीमाग्लुटिनिन नावाचं विष असतं. ते खऱ्या उकळीला नष्ट होतं, पण ८० अंशांच्या आसपास उलट वाढू शकतं, आणि पुरतं न शिजलेले मोजके दाणेही उलट्या-जुलाब करवायला पुरतात. म्हणून राजमा रात्रभर भिजवायचा, ते पाणी फेकायचं, नव्या पाण्यात निदान अर्धा तास खळाखळा उकळायचा आणि मगच मंद आचेवर टाकायचा. जीवाणू ५ ते ६० अंशांमध्ये झपाट्याने वाढतात. म्हणून फ्रीजमधलं गोठलेलं मटण थेट भांड्यात घालू नये, सगळं उकळत्या पाण्याने सुरू करावं. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, हे ठाऊक असणाऱ्याने त्या दिवशी भांडं लावून बाहेर पडू नये. किती वेळ वीज नव्हती हे कळत नसेल आणि अन्न कोमट लागत असेल, तर ते टाकून द्यावं; पुन्हा उकळून सगळीच विषं जात नाहीत. शिजलेला भात तासन्‌तास कोमट ठेवणं तर विशेष वाईट.

उरतो तो सवयीचा आक्षेप: गरम पोळीबरोबर ताजीच भाजी हवी, सकाळी लावलेलं संध्याकाळी खायचं म्हणजे शिळंच. भांड्यातून आमटी वाढली जाते तेव्हा ती ८० अंशांच्या वर असते, शिजणं तासाभरापूर्वी संपलेलं असतं. तिला शिळी म्हणणं वस्तुस्थितीला धरून नाही. पण या ताजेपणाच्या आग्रहाची किंमत कोण भरतं हेही पाहावं. २०१९च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. हिंजवडीहून वा खराडीहून साडेसातला परतणाऱ्या बाईचा स्वयंपाक दार उघडल्यावर सुरू होतो, तो याच आग्रहापायी. कोणतंही भांडं ही विभागणी आपोआप बदलणार नाही. मात्र मंद आचेच्या भांड्याला अंदाज, हात बसणं, आच ओळखणं यातलं काही लागत नाही. वाटाणे रात्री भिजवणं, सकाळी उकळून मोजून भरणं आणि कळ दाबणं हे काम घरातल्या चौदा वर्षांच्या मुलाला आणि साठीच्या आजोबांना पहिल्याच दिवशी जमतं; संध्याकाळी सगळ्यात आधी घरी पोहोचेल त्याने आमसूल टाकायचं आणि फोडणी द्यायची.