साहेब विचारतील, "कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं?"

नोकरी लागली की पहिल्या वर्षभरात एक प्रसंग बहुतेकांवर येतोच. साहेब केबिनमध्ये बोलावतात आणि म्हणतात, "तू इंजिनिअर ना? अकाउंट्समध्ये बिलांचे ढीग पडलेत. बिलं आपोआप वाचणारं सॉफ्टवेअर आलंय म्हणे. जरा बघ आणि आठवड्यात सांग." तुमची ब्रँच मेकॅनिकल असो की सिव्हिल, कॉम्प्युटरला न घाबरणारा माणूस एवढंच क्वालिफिकेशन इथे लागतं. मग चार कंपन्यांचे सेल्समन येतात, चकाचक डेमो देतात, प्रत्येक जण "नव्व्याण्णव टक्के अचूक" म्हणतो, आणि आपण गोंधळून जातो.

या सॉफ्टवेअरला इंटेलिजंट डॉक्युमेंट प्रोसेसिंग, थोडक्यात आयडीपी म्हणतात. ते निवडायचं कसं, यावर हा लेख. उदाहरणासाठी भोसरीतला एक मध्यम कारखाना धरू. महिन्याला १५०० खरेदीची बिलं येतात आणि ती टॅलीत हाताने भरली जातात. हे आकडे समजा म्हणून घेतलेत, तुम्ही तुमचे घाला.

आधी हे चालतं कसं?

चित्रातली अक्षरं ओळखणं म्हणजे ओसीआर. ही काही कालची गोष्ट नाही. टेसरॅक्ट नावाचं ओसीआर एचपी कंपनीत १९८५ ते १९९४ या काळात तयार झालं, २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं आणि आजही फुकट मिळतं. त्यात मराठीही आहे. पण ओसीआर फक्त अक्षरं देतं. त्यातला कुठला आकडा बिलाची रक्कम, कुठला टॅक्स आणि कुठला फोन नंबर, हे त्याला कळत नाही. ते कळण्याचं काम आयडीपीचं.

त्याच्या ढोबळ तीन पिढ्या आहेत. पहिली टेम्प्लेटची. "उजव्या कोपऱ्यात वरून इतक्या अंतरावर बिल नंबर असतो" असं प्रत्येक सप्लायरसाठी शिकवून ठेवायचं. सप्लायरने बिलाचा नमुना बदलला की संपलं. दुसरी पिढी मशीन लर्निंगची. हजारो बिलं दाखवून शब्द आणि त्याची कागदावरची जागा यांचा संबंध शिकवलेला असतो, त्यामुळे नवीन नमुनाही बऱ्यापैकी जमतो. तिसरी पिढी मोठ्या लँग्वेज मॉडेल्सची. त्यांना सरळ विचारायचं, "या बिलाची एकूण रक्कम किती?"

तिसरी सगळ्यात हुशार, पण तिची चूक ओळखणं सगळ्यात अवघड. जुनं ओसीआर चुकलं की आकड्यात मधेच एखादं अक्षर घुसायचं, बघताक्षणी कळायचं. लँग्वेज मॉडेल पुसट जागी शोभेल असा आकडा भरून मोकळं होऊ शकतं. व्हायव्हामध्ये उत्तर येत नसताना आत्मविश्वासाने ठोकून देणारा मित्र आठवा.

आकडा सुबक दिसतो म्हणून बरोबर असतो असं नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये जर्मनीच्या डेव्हिड क्रीझेल यांनी झेरॉक्सच्या काही मशिन्सवर स्कॅन केलेल्या घराच्या नकाशात बदललेले आकडे दाखवून दिले होते. वेगवेगळ्या खोल्यांचं क्षेत्रफळ स्कॅनमध्ये सारखंच आलं होतं! कारण होतं कॉम्प्रेशन. एकसारखे दिसणारे तुकडे मशीन एकच समजून पुन्हा वापरत होतं. आकडा पुसट नव्हता, स्वच्छ छापलेला होता. फक्त चुकीचा होता.

नव्व्याण्णव टक्के म्हणजे किती?

आता एम-थ्री मधली प्रोबॅबिलिटी कामाला लावू. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो. प्रत्येक अक्षर ९९ टक्के वेळा बरोबर वाचलं, आणि चुका एकमेकांवर अवलंबून नाहीत असं धरलं, तर पूर्ण नंबर बरोबर येण्याची शक्यता ०.९९ चा १५ वा घात, म्हणजे सुमारे ०.८६. शंभरातले १४ नंबर चुकीचे! तसंच एका बिलातून २० गोष्टी उचलायच्या आणि प्रत्येक ९८ टक्के अचूक, तर पूर्ण बिल बिनचूक येण्याची शक्यता फक्त ०.६७. दर तीन बिलांत एकाला हात लावावा लागणार. म्हणून सेल्समनला पहिला प्रश्न हाच विचारा: "नव्व्याण्णव टक्के कशाचे? अक्षरांचे, रकान्यांचे की पूर्ण बिलांचे?" बरेच जण इथेच अडखळतात.

यावर उपाय आहे तो नियमांचा. जीएसटी नंबरात पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७ आणि गोव्याचे ३०. पुढची दहा अक्षरं पॅनची, म्हणजे पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. त्यामुळे शून्य आणि इंग्रजी ओ यांत घोळ झाला तर जागेवरून कळतं. शेवटचं पंधरावं अक्षर चेक डिजिट. आधीच्या चौदांतलं एक जरी चुकलं तरी गणित जुळत नाही. शिवाय नग गुणिले दर, अधिक टॅक्स, बरोबर एकूण, हे प्रत्येक बिलात तपासता येतं. चांगलं सॉफ्टवेअर हे सगळं आपणहून तपासतं. नुसतं वाचतं आणि पुढे ढकलतं ते घेऊ नका.

तारखेचंही बघा. ०३/०४/२०२५ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल. अमेरिकन पद्धतीने शिकलेलं सॉफ्टवेअर ती ४ मार्च समजलं, तर बिल थेट आधीच्या आर्थिक वर्षात जाऊन बसेल.

मुळात वाचायची गरज आहे का?

हा प्रश्न कुणी सेल्समन विचारणार नाही, म्हणून आपणच विचारायचा. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्या बहुतेक धंद्यांना दुसऱ्या धंद्याला माल विकताना ई-इनव्हॉइस काढावं लागतं. त्यावर क्यूआर कोड असतो आणि त्यात विकणाऱ्याचा व घेणाऱ्याचा जीएसटी नंबर, बिल नंबर, तारीख, रक्कम आणि एकूण किती आयटम हे सगळं डिजिटल सहीसकट असतं. तो कोड नीट वाचला गेला की या माहितीत अंदाजाचा प्रश्नच उरत नाही. तेव्हा आधी महिन्याभराची बिलं समोर घ्या आणि तीन ढीग करा: क्यूआर असलेली, मेलवर थेट पीडीएफ आलेली, आणि खरोखर कागदावरची किंवा मोबाईलने फोटो काढलेली. पीडीएफमध्ये अक्षरं बहुतेकदा अक्षरं म्हणूनच असतात, तिथे ओसीआर लागतच नाही. आयडीपीचा खरा कस तिसऱ्या ढिगावर. तो लहान निघाला तर महागडं सॉफ्टवेअर घेण्यात अर्थ नाही.

परीक्षा आपल्या पेपरवर घ्या

डेमोतली बिलं कंपनीने निवडलेली असतात. म्हणजे पेपर सेट करणारा आणि सोडवणारा एकच. आपली ३०० बिलं काढा आणि त्यात वाईटात वाईट नमुने मुद्दाम घाला: डॉट मॅट्रिक्सची फिकट प्रिंट, कार्बन कॉपी, आकड्यावरच बसलेला गोल शिक्का, तेलकट चलन, हाताने लिहिलेलं ट्रान्सपोर्टचं बिल. मराठी आकड्यांची बिलंही घाला. आपला १ इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि आपला ४ इंग्रजी आठसारखा, हे बाहेरच्या सॉफ्टवेअरला माहीत असेलच असं नाही. बरोबर उत्तरं आधी दोघांनी स्वतंत्रपणे भरून आपल्याजवळ ठेवा, कंपनीला देऊ नका. तीनशेच का? एखाद्या रकान्यात ३०० पैकी एकही चूक सापडली नाही, तर खरं चुकीचं प्रमाण एक टक्क्याच्या आत आहे असं साधारण ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. दहा बिलांच्या डेमोवरून असं काहीच म्हणता येत नाही.

सॉफ्टवेअर प्रत्येक उत्तराबरोबर आपली खात्री किती आहे हेही सांगतं. इतक्या खात्रीच्या वर आपोआप नोंद, खाली माणसाकडे, अशी रेघ आपण आखायची असते. रेघ वर नेली तर माणसाचं काम वाढतं, खाली आणली तर चुका आत शिरतात. म्हणून चाचणीत हे मोजा: किती बिलं खात्रीने आणि तरीही चुकीची आली? निवड करताना हा आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

पैशाचं गणित

एका बिलाला हाताने ५ मिनिटं धरली, तर १५०० बिलांना १२५ तास. सॉफ्टवेअर लावल्यावर ९०० बिलांवर नुसती नजर टाकायला अर्धा मिनिट, म्हणजे साडेसात तास. उरलेली ६०० दुरुस्त करायला ३ मिनिटं, म्हणजे ३० तास. एकूण वाचले साडेसत्त्याऐंशी तास. तासाला १२० रुपये धरले तर महिन्याला १०,५०० रुपये. सॉफ्टवेअरचं भाडं, दर पानाचा आकार आणि टॅलीला जोडून देण्याचा खर्च मिळून याच्या वर गेला, तर निव्वळ मजुरीच्या हिशोबात ते तोट्यात आहे. शेवटचा खर्च कोटेशनमध्ये बारीक अक्षरात असतो, तो आवर्जून विचारा.

दोन गोष्टी लेखी घ्या. एक, आपले कागद कुठल्या सर्व्हरवर जातात, किती दिवस राहतात आणि त्यांचं सॉफ्टवेअर शिकवायला वापरतात का. आधार, पगारपत्रकं असे कागद असतील तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही लक्षात ठेवा. दुसरी, करार मोडला तर आपला सगळा डेटा साध्या फाईलमध्ये परत मिळेल का.

आणि माणसं?

मजुरीच्या हिशोबात न दिसणारी एक बाजू आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी छोटं वर्कशॉप आहे, बाबा मोठ्या कंपनीला जॉब करून देतात. बिल समोरच्या कंपनीत कुठल्यातरी टेबलावर पडून राहतं आणि पैसे अडकतात. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लघुउद्योजकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायला हवेत. बिल पहिल्याच दिवशी सिस्टिममध्ये आलं, तर "तुमचं बिल मिळालंच नाही" हे उत्तर बंद होतं. असं सॉफ्टवेअर घेण्याचं हे कारण मजुरीच्या बचतीपेक्षा मोठं असू शकतं. साहेबांना तेही सांगा.

आणि अकाउंट्समधल्या जोशीकाका किंवा शिंदेमॅडमना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. कुठला सप्लायर बिलावर फ्रेट वेगळं लावतो, कुणाचा बिल नंबर दरवर्षी एकपासून सुरू होतो, हे त्यांच्या डोक्यात असतं, मॅन्युअलमध्ये नसतं. अडलेलं प्रत्येक बिल शेवटी त्यांच्याच टेबलावर येणार आहे. त्यांना न विचारता आणलेलं सॉफ्टवेअर दोन महिन्यांत बंद पडून राहतं, आणि ढीग तिथेच असतो.

तेव्हा आठवड्याने साहेबांकडे जाताना कंपनीचं नाव नंतर सांगा. आधी तीन ढिगांचे आकडे, ३०० बिलांचा निकाल आणि महिन्याचा हिशोब टेबलावर ठेवा. कधीकधी उत्तर "सध्या काहीच घेऊ नका, फक्त क्यूआर वाचायची सोय करा" असंही येईल. तेही बिनधास्त सांगा.