चिखल आला की सरळ चिखलातूनच

ऑरेगनमधल्या आमच्या हिल्सबरोत चिपच्या कारखान्यांमुळे मराठी माणसं पुष्कळ. त्यातलं कुणीतरी नवी जीप घेतं आणि मला फोन येतो, “ताई, एकदा टिलामूकला घेऊन चला ना.” मी आनंदाने नेते, पण आधी त्या जंगलाची हकिकत ऐकवते. ती कळल्याशिवाय तिथे गाडी घालू नये, असं माझं ठाम मत आहे.

ऑगस्ट १९३३. ऑरेगनमध्ये कडक उन्हाळा होता आणि गेल्स क्रीकच्या खोऱ्यात लाकूडतोड चालू होती. ओढून नेताना एक ओंडका वाळक्या झाडावर घासला आणि त्यातून आग लागली, असं सांगतात. पुढे १९३९, १९४५ आणि १९५१ मध्ये, म्हणजे दर सहा वर्षांनी, तोच डोंगर पुन्हा पेटला. साडेतीन लाख एकरांहून जास्त जंगल गेलं. १९४८ मध्ये राज्यातल्या मतदारांनी लागवडीसाठी कर्जरोखे काढायला कौल दिला. मग मजुरांनी, कैद्यांनी आणि शाळकरी पोरांनी मिळून सुमारे सात कोटी वीस लाख रोपं लावली. हेलिकॉप्टरमधून डग्लस फरचं बी टाकलं ते वेगळंच. १९७३ मध्ये गव्हर्नर टॉम मकॉल यांच्या हस्ते या जंगलाला टिलामूक राज्य वन हे नाव मिळालं. आज तुम्ही ज्या सावलीतून गाडी नेता, ती माणसांनी हातांनी लावलेली आहे.

पोर्टलंडहून पश्चिमेला तासाभराचा रस्ता. बँक्सला टाकी भरून घ्यायची, कारण पुढे जंगलच आहे आणि फोनची रेंजही जाते. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवलेला असावा, कागदी असला तर उत्तम. हायवे सहावर ३३ मैलांच्या खुणेजवळ बीव्हर डॅम रोडला वळलं की ब्राउन्स कॅम्प येतो; जीपच्या वाटा इथून सुरू होतात. या रस्त्यांवर ओंडक्यांचे ट्रक धावतात. भरलेला ट्रक उतारावर पटकन थांबू शकत नाही, तेव्हा आपण बाजूला होऊन त्याला वाट द्यायची.

जीपसारख्या गाडीला आखलेल्या वाटांवर राज्याचा परवाना लागतो आणि चालवणाऱ्याकडे लायसन्स हवं. परवान्याच्या पैशांतून याच वाटांची डागडुजी होते, म्हणून तो घेताना मला कधी जड जात नाही. वाटेच्या तोंडाशी पाटी असते: हिरवा गोल सोपा, निळा चौकोन मध्यम, काळा हिरा अवघड. नवख्याने हिरव्यावरच राहावं.

तिथे पोचल्यावर पहिलं काम टायरची हवा कमी करणं. पस्तीसवरून वीसच्या आसपास आणली की टायर पसरतो, दगडाला धरतो आणि जागच्या जागी फिरून माती उकरत नाही. मग फोर-लोमध्ये, म्हणजे चारही चाकांना जोर देणाऱ्या संथ गिअरमध्ये, टाकून सावकाश.

खरी परीक्षा चिखलात होते. किनाऱ्यालगतच्या या डोंगररांगेत धो धो पाऊस पडतो, त्यामुळे वाटेत डबकी ठरलेली. मागच्या पावसाळ्यात भाचा स्टिअरिंगवर होता. समोर तांबूस पाण्याचं मोठं डबकं, आणि उजवीकडे फर्नमधून कुणीतरी नुकतीच पाडलेली चाकोरी. “मावशी, बाजूने काढू?” त्याने विचारलं. मी त्याला उतरवून ती चाकोरी दाखवली. मोडलेले फर्न, दाबल्या गेलेल्या मातीत उघडी पडलेली मुळं, आणि तिथून थेट खालच्या ओहळाकडे निघालेली गढूळ पाण्याची धार. पहिली गाडी बाजूने जाते, तिच्या चाकोरीत पाणी साचतं, दुसरी तिच्याही बाजूने जाते. आठ फुटांची वाट बघता बघता वीस फुटांची होते. ती माती ओहळातून नदीत उतरते. सामन मासा अंडी घालतो नदीतळाच्या खडीत. खडीच्या फटी गाळाने बुजल्या की अंड्यांना प्राणवायू मिळत नाही. म्हणून काठीने खोली बघायची आणि सरळ मधून, एकाच संथ वेगाने. झेपणार नाही असं वाटलं तर माघारी फिरायचं. भाचा मधूनच गेला.

अरुंद वाटेवर समोरासमोर आलं तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट, मोटरसायकलवाल्यांना आणि पायी चालणाऱ्यांना त्याहून आधी.

उन्हाळ्यात निघण्यापूर्वी वनखात्याचे त्या दिवसाचे नियम बघावेतच. निर्बंध लागू असताना गाडीत फावडं आणि गॅलनभर पाणी किंवा अग्निशामक नळकांडं ठेवावं लागतं. गाडी वाळक्या गवतावर उभी करू नका. तापलेल्या एक्झॉस्टला अडकलेलं गवत पेट घेतं, आणि या डोंगराने तेवढ्याशा ठिणगीतून काय होतं ते चारदा पाहिलं आहे.

सुटीत गावी गेले की तिकडची पोरं थार घेऊन जंगलातल्या ओढ्यात उतरायचे बेत सांगतात. राखीव जंगलात वनखात्याच्या परवानगीशिवाय गाडी घालणं गुन्हा आहे, हे मी त्यांना तिथल्या तिथे सांगते. टिलामूकला मोकळीक आहे ती आखलेल्या वाटेपुरती.

परतताना हायवेला लागण्याआधी टायरमध्ये पुन्हा हवा भरायची, नाहीतर वळणांवर गाडी डगमगते. आणि घरी आल्यावर गाडी खालून नीट धुवायची. चाकांच्या चिखलात स्कॉच ब्रूमसारख्या उपद्रवी झुडपांचं बी असतं, ते पुढच्या फेरीत दुसऱ्या जंगलात पोचता कामा नये.