वेगाची चकती आणि दुखरं कोपर

मुलांकडे अमेरिकेला जाऊन आलेल्या अनेक आई-बाबांनी तिथल्या बागांमध्ये एक चमत्कारिक वस्तू पाहिलेली असते. जमिनीत रोवलेला लोखंडी खांब, त्यावरून लोंबणाऱ्या साखळ्या आणि खाली जाळीची टोपली. प्रथम पाहणाऱ्याला हा कचरा टाकायचा प्रकार वाटतो. प्रत्यक्षात तो डिस्क गोल्फ या खेळाचा भाग असतो. गोल्फमध्ये चेंडू खळग्यात घालतात. इथे हाताने फेकलेली प्लास्टिकची चकती टोपलीत पाडायची. जितक्या कमी फेकींमध्ये पडेल, तितकं उत्तम.

हा खेळ कॅलिफोर्नियात रुजला. आधुनिक फ्रिस्बीला आकार देणारे एड हेड्रिक यांनी १९७५ मध्ये पॅसाडेनाजवळच्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिलं रीतसर मैदान आखलं आणि १९७६ मध्ये व्यावसायिक डिस्क गोल्फ संघटना म्हणजे पीडीजीए स्थापन केली. साखळ्यांच्या टोपलीचं पेटंटही त्यांचंच. आज अमेरिकेत अशी हजारो मैदानं आहेत. त्यांतली बरीच सार्वजनिक बागांमध्ये असून तिथे फुकट खेळता येतं. अठरा टोपल्यांची एक फेरी म्हणजे दोनेक तास झाडांमधून चालणं. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाला इतकं चालायला लावणं आम्हा डॉक्टरांना प्रिस्क्रिप्शन लिहून क्वचितच साधतं.

तिकडे सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणारा माझा भाचा वर्षभर हा खेळ खेळतो आहे. मध्यंतरी त्याने फोनवर दोन प्रश्न विचारले. पहिला म्हणजे, "मामा, उजवं कोपर बाहेरच्या बाजूने दुखतंय, काय करू?" आणि दुसरा, "चकती दरवेळी डावीकडेच वळते. सरळ जाणारा ड्रायव्हर कोणता घेऊ?" त्याला वाटलं, हे दोन वेगळे विषय आहेत. पण दोन्हींचं मूळ त्याच्या पिशवीतल्या एकाच चकतीत होतं.

चकतीवरचे चार आकडे

ड्रायव्हर हा चकतीचा एक प्रकार. टोपलीच्या जवळून टाकायच्या बोथट कडेच्या चकतीला पटर म्हणतात, मधल्या अंतरासाठी असते ती मिडरेंज आणि लांब फेकीसाठी निमुळत्या, रुंद कडेचा ड्रायव्हर. ड्रायव्हरचेही दोन गट आहेत. कमी वेगातही ताब्यात राहणारे ते फेअरवे ड्रायव्हर आणि लांब पल्ला गाठणारे ते डिस्टन्स ड्रायव्हर.

बहुतेक चकत्यांना चार आकडे दिलेले असतात. पहिला स्पीड, साधारण १ ते १४. दुसरा ग्लाइड, म्हणजे हवेत तरंगत राहण्याची क्षमता. तिसरा टर्न, म्हणजे फेकीच्या सुरुवातीला, वेग जास्त असताना चकती किती उजवीकडे झुकेल. चौथा फेड, म्हणजे शेवटी वेग मंदावल्यावर ती किती डावीकडे वळेल. या दिशा उजव्या हाताच्या बॅकहँड फेकीसाठी आहेत, म्हणजे हात छातीसमोरून नेऊन केलेल्या फेकीसाठी. डावखुऱ्याने त्या उलट समजाव्यात.

बहुतेकांचा घोटाळा पहिल्या आकड्यात होतो. स्पीड १२ लिहिलेली चकती आपल्याला आयता वेग देत नाही. तिचे गुण दिसायला हवे असतील, तर तेवढा वेग आपल्या हाताने तिला द्यावा लागतो. तो आकडा म्हणजे चकतीची मागणी आहे.

भोवऱ्याचा न्याय

चकती वळते का, हे समजायला लहानपणीचा भोवरा आठवावा. फिरत्या भोवऱ्याला आपण पुढे ढकललं, तर तो पुढे न पडता बाजूला कलतो. गिरकी घेणारी प्रत्येक वस्तू असंच वागते.

उडत्या चकतीला हवा खालून उचलत असते. वेग भरपूर असताना या उचलीचा जोर चकतीच्या मध्यापेक्षा थोडा मागे पडू शकतो आणि पुढची कड खाली दाबली जाते. वेग उतरला की तो जोर मध्याच्या पुढे सरकतो आणि पुढची कड वर ढकलली जाते. पण चकती फिरत असल्याने हा दाब बाजूच्या कलण्यात बदलतो. आधी उजवीकडे, मग डावीकडे. टर्न आणि फेड म्हणतात ते हेच. हे दोन्ही कल थोडे असले आणि एकमेकांना पुरून उरले नाहीत, की फेक सरळ दिसते.

तीन ड्रायव्हर, एक हात

इनोव्हा या अमेरिकी कंपनीच्या तीन प्रसिद्ध ड्रायव्हरची तुलना करू. लेपर्डचे आकडे ६, ५, उणे २, १. टीबर्डचे ७, ५, ०, २. डिस्ट्रॉयरचे १२, ५, उणे १, ३. ग्लाइड तिन्हींचा सारखाच आहे. खरा फरक आहे तो मागणीत आणि शेवटच्या वळणात.

अव्वल खेळाडूंची फेक ताशी ११० किलोमीटरच्या वर जाते. त्या वेगाला डिस्ट्रॉयर आधी किंचित उजवीकडे झुकतो, मग डावीकडे परततो आणि खूप लांब पडतो. नवशिक्याची फेक बऱ्याचदा ताशी ७०-८० किलोमीटरच्या आसपास असते. तेवढ्या वेगात उजवीकडचा झुकाव येतच नाही. उरतो तो फक्त फेड, आणि चकती लवकर डावीकडे कोसळते.

लेपर्डची मागणी कमी आणि फेडही जेमतेम. त्यामुळे हळू हाताच्या माणसाकडून तो बराच सरळ जातो. मात्र हाताचा वेग वाढला की हाच लेपर्ड उजवीकडे पळू लागतो. तेव्हा टीबर्ड उपयोगी पडतो. त्याचा टर्न शून्य असल्याने तो सुरुवातीला रेषा धरतो आणि शेवटी थोडा, पण दरवेळी तितकाच, डावीकडे उतरतो. झाडांच्या मधून फेकताना ही खात्री दहा-वीस मीटर जास्त अंतरापेक्षा मोलाची ठरते. म्हणून सरळ आणि ताब्यातल्या फेकीसाठी सुरुवात ६-७ स्पीडच्या फेअरवे ड्रायव्हरने करावी. टर्न आणि फेड यांपैकी कोणताच आकडा मोठा नसावा.

एक सावधगिरी हवी. हे आकडे कंपन्या आपापल्या अंदाजाने देतात. एका कंपनीचा ७ दुसऱ्या कंपनीच्या ७ शी तंतोतंत जुळेलच असं नाही.

कोपर का दुखतं

आता माझ्या विषयाकडे वळतो. फेकीची ताकद खरं तर पायांपासून सुरू होते. तिथून ती कमरेला, पाठीला, खांद्याला, कोपराला आणि शेवटी मनगटाला मिळते. भाच्याकडे १२ स्पीडचा डिस्टन्स ड्रायव्हर होता. तो डावीकडे पडतो म्हणून हा पठ्ठ्या दरवेळी आणखी जोर लावायचा. पाय आणि कंबर यांचं तंत्र अजून बसलेलं नसताना हा जादा जोर येणार कुठून? हातातूनच. त्यात रुंद कडेची चकती बोटांनी आवळून धरावी लागते. मनगट मागे वळवणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला जिथे चिकटतात, तिथला स्नायुबंध असा पुन्हा पुन्हा ताणला जातो.

यालाच आपण टेनिस एल्बो म्हणतो. आमच्या ओपीडीत हा त्रास घेऊन येणाऱ्यांनी टेनिसची रॅकेट हातातही धरलेली नसते. त्यांत धुणं पिळणाऱ्या बायका असतात, सुतार असतात, रंगारी असतात. पुन्हा पुन्हा आवळणं आणि झटका देणं हे कारण सगळीकडे एकच. याउलट, फोरहँड म्हणजे अंगाच्या बाजूने झटका देऊन केलेल्या फेकीत ताण कोपराच्या आतल्या बाजूला येतो. पुढचा पाय जमिनीत घट्ट रुतलेला असताना अंग वळवलं, तर गुडघाही कुरकुरतो.

भाच्याला मी काही आठवडे जोराच्या फेकी थांबवायला आणि फिजिओथेरपिस्टकडून मनगटाचे हळूहळू वाढवत न्यायचे व्यायाम शिकून घ्यायला सांगितलं. अशा दुखण्यात स्टिरॉइडच्या इंजेक्शनने लवकर आराम पडतो, पण वर्षभराचा हिशेब मांडला तर ते फायद्याचं ठरत नाही. आणि तो वेगवान ड्रायव्हर कपाटात ठेवायला सांगितला.

निवड कशी करावी

वजनाकडेही पाहावं. पीडीजीएच्या नियमानुसार चकतीचं वजन व्यासाच्या दर सेंटिमीटरला ८.३ ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. ड्रायव्हरचा व्यास साधारण २१ सेंटिमीटर, म्हणजे कमाल वजन १७५ ग्रॅमच्या आसपास. नवशिक्याने आणि पन्नाशीच्या पुढच्यांनी १५० ते १६५ ग्रॅमची चकती घ्यावी. तिला वेग द्यायला कमी जोर लागतो. मात्र वाऱ्यात हलकी चकती जास्त भरकटते. समोरून वारा असेल तर चकती उजवीकडे जास्त झुकते, पाठीमागून असेल तर डावीकडे लवकर वळते. म्हणून वाऱ्याच्या दिवशी चकतीची परीक्षा घेऊ नये. स्वस्त, मऊ प्लास्टिक झाडांवर आपटून लवकर झिजतं आणि झिजलेला ड्रायव्हर उजवीकडे झुकू लागतो, हेही ध्यानात असू द्यावं.

तुलना करण्याची पद्धत सोपी आहे. वारा नसताना मोकळ्या मैदानावर, अंग गरम करून, पूर्ण जोराच्या साधारण पाऊण जोराने प्रत्येक चकती पाचदा फेकावी. सर्वांत लांब गेलेली एक फेक मोजू नये. पाचही चकत्या नेमलेल्या रेषेपासून किती बाजूला पडल्या, ते पावलांनी मोजावं. ज्या चकतीच्या पाचही फेकी एकमेकींच्या जवळ पडतात, ती आपली.

त्याआधी मिडरेंज चकती फेकून पाहावी. तीही डावीकडे वळत असेल, तर दोष बहुधा ड्रायव्हरचा नसतो. हातातून सुटताना चकतीची पुढची कड वर उचललेली असते. अशी चकती वर चढते, थांबते आणि डावीकडे गळून पडते. नवा ड्रायव्हर घेऊन हे सुधारत नाही, कड सपाट ठेवायला शिकल्यावर सुधारतं. निदान आधी आणि औषध नंतर, हा नियम इथेही लागू आहे.

कोपराचं दुखणं दोन-तीन आठवड्यांच्या विश्रांतीनंतरही राहिलं, कप उचलताना हात कापू लागला, बोटांना मुंग्या आल्या किंवा रात्री दुखण्याने झोपमोड होऊ लागली, तर डॉक्टरांना दाखवावं. एरवी हलकी, कमी मागणीची चकती घ्यावी, पाण्याची बाटली सोबत ठेवावी आणि चालत सुटावं. फेकी सरळ जाऊ लागल्या की अंतर सावकाश वाढतं, आणि तोवर दोन तासांचं चालणं पदरात पडलेलं असतंच.