सारथ्याची कोजागरी

आश्विन पौर्णिमेचा चंद्र मासुंदा तलावाच्या पाण्यावर उतरला की ठाणेकरांची कोजागरी सुरू होते. कल्याण-डोंबिवलीच्या गच्च्यांवर दुधाची पातेली चढतात, केशर-वेलदोड्याचा सुगंध दरवळू लागतो. मध्यरात्री लक्ष्मी भूतलावर संचार करते आणि ‘को जागर्ति?’, म्हणजे कोण जागे आहे, असे विचारीत फिरते, अशी आपली श्रद्धा आहे. या प्रश्नावरूनच या रात्रीला कोजागरी हे नाव पडले.

परंतु या रात्री सगळेच गच्चीवर नसतात. कोजागरीला सप्तशृंगगडावर कावडयात्रा भरते. आपल्याकडील कित्येक कुटुंबे रात्रीचे जेवण उरकून गाडी काढतात. ठाण्याची मंडळी माजिवड्यावरून, कल्याणची मंडळी पडघ्यावरून नाशिकच्या रस्त्याला लागतात. शहापूर येईतो मुले झोपी जातात. कसाऱ्याच्या घाटाआधी वडीलधारी मंडळीही पेंगू लागतात. अशा वेळी देवीचा प्रश्न गाडीतील एकाच माणसाला उद्देशून असतो.

त्याने काय उत्तर द्यावे? झोप हा शरीराचा धर्म आहे. तो निर्धाराने मोडता येत नाही. पहाटे दोन ते सहा या वेळात शरीराची सावधता सर्वांत खाली जाते, आणि दुपारी दोन ते चारच्या सुमारास तिला पुन्हा ओहोटी लागते. सलग १७ तास जागलेल्या माणसाची हालचाल व निर्णयशक्ती, १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्य असणाऱ्याइतकी मंदावते, असे संशोधकांना आढळले आहे. आपल्या कायद्याची मर्यादा तर ३० मिलिग्रॅमचीच आहे. म्हणजे सकाळी सहाला उठून, दिवसभर कचेरीत राबून, रात्री अकराला चाक हाती घेणारा सज्जन गृहस्थ मद्याच्या थेंबालाही न शिवता ही मर्यादा ओलांडून बसलेला असतो!

ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे जाते. चार सेकंदांची डुलकी लागली तर जवळजवळ ९० मीटर ती सारथ्याविना धावते. दुर्दैव असे, की आपला डोळा लागला होता हे पुष्कळदा त्या चालकाला कळतही नाही. लोकलच्या मोटरमनला हाताखालील दांडा सतत दाबून धरावा लागतो. हात सुटला की ब्रेक आपोआप लागतात. आपल्या बहुतेक मोटारींना असा पहारेकरी नाही.

१५ जुलै २०२४ च्या रात्री डोंबिवली परिसरातून आषाढीसाठी पंढरपुरास निघालेली वारकऱ्यांची बस मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ट्रॅक्टरला धडकून खाली कोसळली. पाच जीव गेले. त्या अपघाताचे खापर झोपेवर फोडण्याचे कारण नाही; परंतु रात्रीच्या रस्त्यावर क्षणभराची सावधताही किती मोलाची असते, हे त्या घटनेने दाखविले. यात्रेची बस ठरविताना भाडे किती, आसने किती, हे आपण विचारतो. चालक आदल्या रात्री झोपला होता काय, हे कोण विचारतो? मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ च्या कायद्याने दिवसाला आठ तासांचे काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिली होती. दर्शनाची घाई करणाऱ्या भाविकांनीच ती विश्रांती हिरावून घ्यावी, हे भक्तीला शोभणारे नव्हे.

वारंवार जांभई येणे, गाडी कडेला सरकणे, मागचे दोन-चार किलोमीटर कसे गेले हे न आठवणे, या झोपेच्या चाहुली आहेत. काच खाली करणे, तोंडावर पाणी मारणे, मोठ्याने गाणी लावणे, याने काही मिनिटे निभावतात, इतकेच. खरा उपाय एकच: धाबा किंवा पेट्रोलपंप गाठून गाडी थांबवावी, कपभर कॉफी घ्यावी आणि लगेच पंधरा-वीस मिनिटे डोळे मिटावेत. कॉफीचा गुण यायला सुमारे अर्धा तास लागतो. तोवर झोपही पदरात पडते. जागे झाल्यावर नीट हुशारी आल्याखेरीज निघू नये. दुसरा चालक असेल तर चाक त्याच्या हाती द्यावे. शेजारच्या आसनावर बसणाऱ्याने झोपू नये. ते त्याचे व्रतच समजावे. सर्वांत उत्तम म्हणजे आटीव दूध पिऊन निवांत झोपावे आणि उजाडल्यावर निघावे. गड तेथेच असतो, आईही तेथेच असते.

जागृती म्हणजे केवळ उघडे डोळे नव्हेत. आपल्याला झोप येते आहे, हे वेळीच ओळखून जो गाडी कडेला घेतो, तोही जागाच असतो. त्या रात्री घाटाच्या पायथ्याशी, धाब्याच्या अंगणात, चांदण्यात घटकाभर निजलेल्या अशा एखाद्या सारथ्यापाशी लक्ष्मी आली, तर ती त्याला न उठविता पुढे जाईल, आणि त्याच्या घरी वाट पाहणाऱ्यांना आशीर्वाद देईल.