म्हैस व्याली आणि आयपीओ लागला

प्रभात डेअरी 2015 मध्ये शेअर बाजारात उतरली, हे नगर जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक आहे. मी तेव्हा श्रीरामपुरात एका सब-ब्रोकरच्या टेबलाशी अर्ज भरून देत होतो. प्रभातच्या रांजणखोलच्या कारखान्याला दूध घालणारी माणसे पहिल्यांदाच डिमॅट खाते उघडायला आली होती. बोटांना दुधाचा वास, हातात पॅनकार्डाची झेरॉक्स. किंमतपट्टा होता 140 ते 147 रुपये, इश्यू उघडणार 28 ऑगस्टला. चारच दिवस आधी चीनच्या पडझडीने सेन्सेक्स एका दिवसात 1,624 अंकांनी कोसळला आणि आमचा फोन वाजायचा थांबला.

एक संकलन केंद्रचालक तर आलेच नाहीत. ऐन वेळी म्हैस व्याली, मुदत हुकली, असे धरून ते घरी बसले. इकडे मागणी कमी म्हणून मुदत 4 सप्टेंबरपर्यंत वाढली आणि पट्टा 115 ते 126 वर आला. ते धावत आले, अर्ज भरला, शेअर लागले. शेवटचा भाव ठरला 115.

अर्ज भरताना त्यांनी विचारले होते, "आमच्या दुधाला फॅट-एसएनएफ बघून भाव देता. कंपनीला काय बघून देतात?" मी नफा, कर्ज, उलाढाल समजावून सांगितले. ते खिशातली केंद्राची पावती माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "म्हंजे मशीन तुमच्याकडंबी नाय." पावतीवर फॅट 3.5 आणि एसएनएफ 8.5 हे आकडे छापलेले होते. आजवर मला त्याचे उत्तर सापडलेले नाही.

1 जून 2017 ला शेजारच्या पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. दूध रस्त्यावर ओतले गेले. आमच्या त्या केंद्रचालकांनी कॅन पालथे घातले आणि केंद्राला कुलूप लावले. शेअर खात्यात होतेच. आपल्याच कंपनीचे दूध त्यांनी स्वतः अडवले, आणि त्या दिवशी त्यांनी भाव बघायला फोनसुद्धा केला नाही.

जानेवारी 2019 मध्ये फ्रान्सच्या लॅक्टालिसने प्रभातचा दुधाचा धंदा 1,700 कोटींना घेण्याचे जाहीर केले. टेबलाशी पेढे आले. पेढा तोंडात असतानाच कोणीतरी विचारले, "दूध त्यांनी घेतलं, मग आपल्या शेअरात काय राहिलं?" विक्रीच्या त्या पैशांचा प्रश्न 2020 मध्ये बाजार-नियामक सेबीपुढे गेला. ज्यांनी घरच्या गोठ्यावरच्या विश्वासाने पैसे लावले होते, त्यांना हे समजावून सांगताना माझी जीभ जड झाली.

केंद्रचालकांचे दूध अजूनही जाते. सकाळी कॅन काट्यावर चढतो, मशीन दोन आकडे दाखवते. त्यांच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानाला टाचणीने लावलेला डिमॅटचा कागद मी परवा पाहिला. टाचणी गंजली आहे.