घरातच ठेवलेली माणसं

ख्यातनाम माणसांच्या दफनभूमींवर अंक काढायचा असं संपादकांनी ठरवलं, तेव्हा पहिलं नाव निघालं ते लॉस एंजेलिसजवळच्या हिलसाइड या ज्यू दफनभूमीचं. गायक-नट अल जोलसन, विनोदवीर जॅक बेनी, ‘स्टार ट्रेक’मधला लिओनार्ड निमॉय, सगळे तिथेच विसावले आहेत. 1950 साली वारलेल्या जोलसनसाठी पॉल विल्यम्स या वास्तुकाराने सहा खांबांची छत्री उभारली आणि तिच्या पायथ्याशी पाण्याचा प्रपात सोडला. शेजारच्या महामार्गावरून जाणाऱ्यालाही ती दिसते. तो लेख दुसऱ्याकडे गेला. मी इनामगाव मागून घेतलं. तिथल्या एकाही मृताचं नाव कोणाला ठाऊक नाही, आणि तरीही त्यांतला एक जण शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात जाऊन बसला आहे.

इनामगाव शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या उजव्या काठावर. पुण्याहून पूर्वेला 80-90 किलोमीटर. इथल्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकाडांवर डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्यामागची मोठी नावं. इ.स.पू. 1600 ते 700 अशी सुमारे नऊशे वर्षं नांदलेली ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती त्यांना सापडली. घरं, धान्याची कोठारं, कुंभाराच्या भट्ट्या, नदीचं पाणी वळवण्यासाठी खणलेला पाट, लाल अंगावर काळी नक्षी असलेली तोटीची जोर्वे भांडी हे सगळं निघालंच. पण मला खिळवून ठेवलं ते घरांच्या जमिनीखालच्या दफनांनी. अशी दोनशेहून अधिक दफनं इथे मिळाली.

गावाबाहेर वेगळी मसणवट नाही. माणूस गेला की त्याला घरातच, नाहीतर अंगणात पुरायचं. मोठ्या माणसाला खड्ड्यात उताणं, डोकं उत्तरेला. शेजारी भांडी, बहुधा अन्नपाण्याची. आणि घोट्यापासून खालचे पाय तोडलेले! एखाद्याच्या बाबतीत हे दिसलं असतं तर अपघात किंवा शिक्षा म्हणता आलं असतं. पण इथे तो रिवाज आहे, आणि याच नदीकाठच्या चांडोलीलाही तो दिसतो. मेलेल्याने उठून निघून जाऊ नये, भूत होऊन भटकू नये, म्हणून पाय काढत असावेत, असा उत्खननकर्त्यांचा अंदाज. मला तो पटतो. भुताचे पाय उलटे असतात, असं आपल्याकडे आजही सांगतात; मेलेल्याच्या पायांची धास्ती या मातीत जुनीच असणार. त्या भीतीत मायाही आहे असं मला वाटतं. जो नकोसा झाला त्याला कोणी उंबऱ्याच्या आत जागा देत नाही.

मुलांचं सगळं निराळं. दोन घट घ्यायचे, त्यांत बाळाला ठेवायचं, तोंडाला तोंड लावून ते घट खड्ड्यात आडवे निजवायचे. सोबत एखाद-दुसरं लहान भांडं. या दफनांत मुलांचीच संख्या मोठी आहे. पाच वर्षांच्या आतली किती लेकरं त्या घरांनी गमावली असतील याचा विचार करता करता मला तो आकडा मोजवेना. ज्या जमिनीवर चूल पेटत होती, बाकीची भावंडं रांगत होती, तिच्याच खाली ही होती. आईला लांब जावं लागत नव्हतं.

आता तो प्रसिद्ध माणूस. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचं घर, इथल्या सर्वांत मोठ्या घरांपैकी एक, आणि त्याला जोडून धान्याचं कोठार. त्याच्या अंगणात मातीचा एक भला थोरला रांजण निघाला. त्याला चार जाडजूड पाय आणि पोटासारखा पुढे आलेला फुगवटा. आत एक प्रौढ पुरुष मांडी घालून बसवलेला. त्याचे पाय मात्र शाबूत! ज्या गावात प्रत्येक मोठ्या माणसाच्या घोट्यावर घाव पडत होता, तिथे या एकाला सूट मिळाली. कोठार जवळ, घर मोठं, पाय अखंड, यावरून तो गावचा प्रमुख असावा असं मानतात. रांजणाचा आकार गर्भाशयासारखा आहे, म्हणजे त्याला पुन्हा आईच्या पोटात ठेवला, असंही सुचवलं गेलं आहे. माझं मन दुसऱ्याच माणसाकडे ओढलं जातं: तो रांजण घडवणाऱ्या कुंभाराकडे. रोजच्या भांड्याला पाय लागत नाहीत. बसलेला माणूस मावेल इतकं पोट, ते पेलणारे चार खूर, आणि सगळं ओल्या मातीत हाताने उभं करायचं. प्रेत फार काळ थांबत नाही, म्हणून हे काम त्याला घाईने करावं लागलं असेल, की प्रमुखाने ते हयातीतच करवून घेतलं असेल?

असे प्रश्न सोडवायचे तर हाडंच बोलायला हवीत, आणि खरी अडचण तिथेच आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते; त्या ओढाताणीत तीन हजार वर्षांची हाडं तडकतात. उत्खनकाला ब्रश आणि बांबूच्या कामट्या घेऊन कणाकणाने माती सोडवावी लागते. इनामगावच्या सांगाड्यांवर जॉन लुकाक्स आणि सु. रा. वाळिंबे यांनी केलेला अभ्यास 1986 साली ग्रंथरूपाने आला. दात, हाडांची वाढ, आजार यांच्या खुणा त्यांनी तपासल्या. इ.स.पू. 1000च्या सुमारास हवा कोरडी होत गेली, चौकोनी ऐसपैस घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेतीपेक्षा गुरं आणि शिकारीवर भिस्त वाढली, आणि शेवटी वस्ती उठली. या ओढगस्तीची नोंद त्या हाडांत शोधता येते. आजच्या शास्त्राला त्यांतला डीएनए हवा आहे, पण आपल्या उष्ण हवेत तो फार क्वचित टिकतो.

दुसरी अडचण जमिनीवरची, आणि तिची मला जास्त काळजी वाटते. पांढरीची माती शेताला चांगली, म्हणून महाराष्ट्रभर अशी टेकाडं पिढ्यानपिढ्या उकरली गेली. बैलगाडी होती तोवर वर्षाला चार-दोन हात माती जायची. जेसीबीला एक दुपार पुरते. पाटाचं पाणी आलं, ऊस आला, जमिनीचा भाव वाढला, आणि सपाटीकरण हा रोजचा शब्द झाला. शेतकऱ्याला दोष देऊन भागणार नाही. ज्या टेकाडाखाली काय आहे हे त्याला कोणी सांगितलंच नाही, ते त्याने का राखावं? शाळेच्या पुस्तकात इनामगाव आहे. पण घोड आणि भीमेच्या काठच्या किती शाळा आपल्या मुलांना ती टेकाडं दाखवायला नेतात?

म्हणून या दोन नद्यांकाठच्या वाचकांना एक मागणं आहे. शेत सपाट करताना नक्षीचं खापर, राखेचा थर किंवा तोंडाला तोंड लावलेले घट दिसले, तर यंत्र थांबवा आणि तहसील कार्यालयाला किंवा पुरातत्त्व खात्याला कळवा. घट उघडू नका, जागेवरून हलवू नका. जागेवर असेल तरच त्यावरून काही कळतं.